शेजारच्या टीव्हीवर चेहरे खरंच पुसट दिसतात

पत्र थोडक्यात असं आहे: मी ३८ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी करते. आई-बाबा कराडला आमच्या जुन्या घरात असतात, दादा-वहिनी त्यांच्याबरोबरच राहतात. मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, त्यानिमित्त त्यांना ६५ इंची टीव्ही घेऊन द्यायचा असं मी ठरवलंय आणि ८० हजार बाजूला काढून ठेवलेत. सध्या घरात २०१४ साली घेतलेला ३२ इंची टीव्ही आहे, बाबा बसतात त्या दिवाणापासून भिंत ९ फुटांवर. बाबा ७६ वर्षांचे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झालेली, दिवसभर बातम्या आणि क्रिकेट, आवाज इतका मोठा की गल्लीत ऐकू जातो. पण ते टीव्ही नकोच म्हणतात. शेजारच्या काकांनी ५५ इंची घेतलाय, तिथे मॅच बघून आले आणि म्हणाले, "चेहरे पुसट दिसतात, आपलाच बरा." मला कळतं की माझे पैसे जाऊ नयेत म्हणून ते असं बोलतात. दादा म्हणतो ४३ इंची बास झाला. दुकानदार म्हणतो ओएलईडी घ्या, १२० हर्ट्झ घ्या, दहा वर्षं बघायला नको. यावरून माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं, आता तो फोनवर नीट बोलत नाही. बाबांनी आयुष्यभर स्वतःसाठी काही घेतलं नाही, आता मला देता येतंय तर सगळे अडवतात का? आई तर काहीच बोलत नाही. काय करू?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. "चेहरे पुसट दिसतात, आपलाच बरा." तुम्ही ते पैसे वाचवायचं निमित्त म्हणून सोडून दिलंत. मला मात्र वाटतं बाबांनी डोळ्यांनी जे बघितलं तेच जसंच्या तसं सांगितलंय, आणि तुमचं नि दादाचं जे वाजलं त्याचंही उत्तर त्या वाक्यातच आहे, त्यामुळे आधी तेवढं नीट समजून घेऊ, कुठला टीव्ही घ्यायचा ते मग बघू.

डिशवर किंवा केबलवर जे साधे चॅनल येतात, म्हणजे ज्यांच्या नावापुढे एचडी नसतं ते, त्यांचं चित्र ५७६ आडव्या ओळींचं असतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाही चित्रात दिसणाऱ्या ओळी एवढ्याच होत्या. एचडी चॅनलच्या ओळी १०८०, आणि ज्याला आपण फोर-के म्हणतो त्याच्या २१६०. आता ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर असते, ५५ इंचीची ६८-६९ आणि ६५ इंचीची ८१. म्हणजे बाबा रोज जे चॅनल बघतात त्याच ५७६ ओळी तुम्ही ६५ इंचीवर दुप्पट उंचीवर पसरवणार. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी दुप्पट मोठी लाटली तर ती फाटायलाच येते ना, तसंच होतं ते, टीव्ही मधल्या रिकाम्या जागा आपल्या अंदाजाने भरत बसतो आणि चेहऱ्यावर साय धरल्यासारखं दिसायला लागतं. महागडा टीव्ही हा अंदाज जरा बरा करतो, पण मुळात जे आलंच नाही ते त्याला आणता येत नाही.

यातला हिशोब कुणालाही करता येईल इतका सोपा आहे. ६/६ नजर म्हणजे एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येणारी नजर. त्यावरून गणित मांडलं तर ढोबळ नियम असा निघतो की साधे चॅनल बघत असाल तर टीव्हीच्या इंचांना ४ ने भागा, एचडी बघत असाल तर ८ ने, आणि जे उत्तर येईल तेवढ्या फुटांच्या पलीकडे बसलात तर चित्र स्वच्छ दिसतं, अलीकडे आलात तर पुसटपणा जाणवायला लागतो. आता तुमच्याच घरात लावून बघा. ३२ भागिले ४ म्हणजे ८ फूट, बाबा बसतात ९ फुटांवर, त्यामुळे त्यांना त्यांचा टीव्ही स्वच्छ दिसतो. शेजारचा ५५ इंची, ५५ भागिले ४ म्हणजे जवळजवळ १४ फूट, आणि काकांचा हॉल तुमच्यासारखाच असेल तर तिथेही बसायला ९-१० फूटच मिळत असणार. मॅच साध्या चॅनलवर चालू असेल तर चेहरे पुसट दिसणारच. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स झालेला ७६ वर्षांचा माणूस हे बरोबर टिपून घरी येऊन सांगतो आणि आपण त्याला म्हणतो बाबा उगाच काटकसर करतायत. मला वाटतं पहिलं काम म्हणजे त्यांना फोन करून सांगा की बाबा तुमचं बरोबर होतं.

आणि ६५ इंची? ६५ भागिले ४ म्हणजे १६ फूट. एवढं मागे सरकायला बाबांना भिंत फोडून माजघरात बसावं लागेल. म्हणजे आज आहे त्या डिशवर, आहे त्या पॅकवर तुम्ही ६५ इंची नेऊन लावलात तर तुमच्या ८० हजारांत बाबांना आजच्यापेक्षा वाईट चित्र मिळणार होतं, आणि ते काही बोलले नसते, पोरीने आणलंय म्हणून तसंच बघत राहिले असते. दादाचा ४३ सुद्धा या हिशोबात १०-११ फुटांवर जातो, म्हणजे किंचित पुसट पण चालण्यासारखा. सिग्नल बदलायचा नसेल तर दादाचं बरोबर आहे. सिग्नल बदललात तर तुमचं बरोबर आहे, कारण एचडीचा हिशोब ८ चा, ५५ इंचीला ७ फूट आणि ६५ इंचीला ८ फूट, दोन्ही तुमच्या ९ फुटांत बसतात. तुमचं भांडण इंचांवरून झालं आणि दोघांपैकी कुणीच बघितलं नाही की त्या टीव्हीत येणार काय आहे.

म्हणून आधी सिग्नल. पुढच्या वेळी कराडला जाल तेव्हा टीव्हीच्या मागे डोकं घालून बघा. सेटटॉप बॉक्स एचडी आहे की साधा, आणि तिथून टीव्हीपर्यंत कुठली वायर गेलीय. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन रंगांच्या पिनांची वायर असेल तर बॉक्स एचडी असला तरी चित्र साधंच येतं, त्या वायरीतून एचडी जातच नाही. फलटणला माझ्या मामांकडे हेच होतं. घरात फुल एचडी टीव्ही, बॉक्स एचडी, दर महिन्याला एचडी पॅकचे पैसे भरतायत, आणि मागे तीन रंगांची वायर, कारण बॉक्स बसवायला आलेल्या पोराने जी जुनी वायर होती तीच लावली आणि गेला. चार वर्षं. मी स्टेशनरीच्या दुकानातून एक एचडीएमआय केबल, म्हणजे एचडी चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर, आणून लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८० केलं, तर मामी म्हणाल्या अगं हिच्या साडीला बुट्टे आहेत होय! रोज बघत होत्या ती मालिका, बुट्टे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

बॉक्स साधा असेल तर तो बदलून एचडी घेता येतो, थोडे पैसे लागतात. आणि सगळा एचडी पॅक घ्यायची गरज नसते, २०१९ पासून ट्राय या दूरसंचार-केबलवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमामुळे हवे तेवढेच चॅनल निवडून घेता येतात, तेव्हा बाबांचे खेळाचे एक-दोन आणि आई-वहिनींच्या मालिकांचे दोन-तीन एवढे एचडी करून घ्या, बाकीचे राहू द्या साधे. अडचण बातम्यांची आहे. मराठी बातम्यांचे बरेच चॅनल डिशवर साध्याच क्वालिटीत येतात, पण तेच चॅनल यूट्यूबवर लाइव्ह चालू असतात आणि मोठ्या पडद्यावर तिथे बहुतेक वेळा जास्त स्वच्छ दिसतात. घरात फायबरचं कनेक्शन असेल तर स्मार्ट टीव्हीवर बाबांना बातम्या तिथूनच लावून देता येतील. एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के ला नेटफ्लिक्स १५ सांगतं, तेव्हा फार मोठा प्लॅन लागत नाही. फक्त जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतीतून वायफाय पलीकडे पोचत नाही, राउटर टीव्हीच्याच खोलीत हवा, नाहीतर सरळ लॅनची वायर ओढून घ्या.

आता दुकानदार काय म्हणाला ते. फोर-के साठी वेगळा विचार करू नका, ५५ इंचीत आता सगळेच फोर-के असतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की तो वरचा ८ चा हिशोब उलटा पण लागतो, ५५ इंचीवर फोर-के आणि एचडी यातला बारकावा दिसायला ७ फुटांच्या आत बसावं लागतं, ९ फुटांवरून तुमच्या माझ्या डोळ्यांनाही तो दिसणार नाही, तेव्हा कुणी एट-के वगैरे दाखवायला लागलं तर पुढे चला.

ओएलईडी सुंदर असतो यात वादच नाही. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा, अंधाऱ्या खोलीत रात्री सिनेमा बघावा तर त्यावरच. पण बाबा दिवसभर बातम्या बघतात. म्हणजे कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच लाल पट्टी, रोज सहा-सात तास. ओएलईडीत एकाच जागी तेच चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर तिथले ठिपके लवकर झिजतात आणि मग सिनेमा लावला तरी खाली पट्टीची सावली दिसत राहते. ठिपके झिजू नयेत म्हणून कंपन्यांनी बरेच उपाय केलेत, पण बातम्यांच्या घरात मी तरी ओएलईडी सुचवणार नाही. त्यात बाबांचा टीव्ही दिवसा, दार उघडं असताना चालतो, तिथे चकचकीत पडद्यावर अंगणच दिसत राहतं. त्यांच्यासाठी चांगल्या उजेडाचा साधा एलईडी बरा, म्हणजे पुढे एलसीडीचा पडदा आणि मागे एलईडीचा उजेड, क्यूएलईडी म्हणतात तोही तसाच, फक्त मध्ये रंग खुलवणारा एक थर. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि खूप असतात, जिथे काळं हवं तिथले मंद करता येतात, तो बजेटमध्ये बसला तर चांगलाच, नाही बसला तर हळहळू नका.

एचडीआर, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र, प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं, पण टीव्हीला तेवढा उजेडच नसेल तर ते नुसतं लिहिलेलंच राहतं. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात, २५०-३०० निट्सचा टीव्ही एचडीआरचं चित्र घेतो, दाखवू शकत नाही. निट्स किती ते दुकानदाराला विचारा. १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पॅनल, तो गेम खेळणाऱ्यांसाठी खरंच उपयोगाचं आहे, आपल्याकडे डिशवर मॅच येते ती सेकंदाला ५० च्या हिशोबाने, तिला ६० चा पॅनल पुरतो.

एक गोष्ट मात्र डब्यावर लिहिलेली नसते आणि घरात रोज नडते, ती म्हणजे बाजूने बघितल्यावर चित्र कसं दिसतं. एलसीडी पॅनलचे दोन मोठे प्रकार आहेत, आयपीएस आणि व्हीए. व्हीएत काळा जास्त गडद, समोरून बघायला छान, पण बाजूला सरकलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूने पण बऱ्यापैकी तसाच दिसतो, काळा मात्र जरा राखाडी. दुकानात सगळे टीव्हीच्या नाकासमोर उभे राहून बघतात. तुम्ही बाजूला जा, अगदी ४५ अंशात, आणि तिथून माणसाचा चेहरा बघा. चेहरा पांढुरका पडला तर तो टीव्ही एकट्याने समोर बसून बघायचा. आणि दुकानातला डेमोचा व्हिडिओ, ते मासे, ते पोपट, ती फुलं, ते बंद करायला सांगून एखादी साधी मराठी बातमी लावायला सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जा. दुकानात टीव्ही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेले असतात, घरी आल्यावर स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड करा आणि चित्र गुळगुळीत करणारं ते मोशनचं सेटिंग बंद करा, नाहीतर सिनेमे पण मालिकेसारखे दिसतात आणि बॉलमागे शेपूट येतं.

आता आवाज, आणि इथे मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय. गल्लीत ऐकू जाईल एवढा आवाज बाबा ठेवतात असं तुम्ही ओघात लिहिलंत. मला वाटतं ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. त्यांना चित्राची अडचण नाहीये, ते स्वतःच सांगतायत की चित्र बरं आहे. त्यांना बोलणं कळत नाहीये. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, स, श, त, थ, फ हे सगळे त्यातले, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, मग माणूस आवाज वाढवतो, त्याबरोबर मागचं संगीत पण वाढतं, आणि शब्द परत तिथेच. नव्या टीव्हीत हे आणखी बिघडू शकतं, कारण टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवतात, आवाज जमिनीवर किंवा भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. तुमच्या २०१४ च्या टीव्हीचे स्पीकर कदाचित नव्यापेक्षा बरे असतील. तेव्हा टीव्हीच्या आधी बाबांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासणी करून आणा. कित्येकदा नुसता मळ असतो. कानाचं यंत्र लागलं तर ८० हजारांतले पैसे तिथे जाऊ द्या, टीव्ही लहान आला तरी चालेल, कारण यंत्र त्यांना नुसतं टीव्हीपुरतंच उपयोगी पडणार नाही, नातवाचं बोलणं पण ऐकू येईल.

टीव्हीबरोबर एक साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, मात्र घ्याच, आणि तो ३.१ असा लिहिलेला घ्या, २.१ नको. त्या ३ मध्ये मधला स्पीकर बोलण्यासाठी वेगळा असतो, डायलॉग त्यातून येतात. धडधड करणारं बेस कमी करून ठेवा. टीव्हीच्या एचडीएमआय एआरसी असं लिहिलेल्या भोकात जोडलात की आवाजासाठी वेगळा रिमोट लागत नाही.

रिमोटवरून आठवलं. माझ्या सासूबाई रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावून ठेवायच्या, हाताला पीठ असलं तरी चॅनल बदलता यावं म्हणून. नवा टीव्ही आला, त्याच्या रिमोटवर आकडेच नव्हते, गोल चक्र आणि चार ओटीटीची बटणं. पिशवीतून ती बटणं दाबली जायची आणि कुठलं तरी इंग्रजी पान उघडायचं, मग मी ऑफिसातून येईपर्यंत टीव्ही तसाच. त्या कधी तक्रार करायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या आज काही बघावंसं वाटलं नाही. मला हे कळायला दोन महिने लागले, त्याचं अजून वाईट वाटतं. तुमच्या बाबांच्या 'नको' मध्ये हे पण असू शकतं. बहुतेक टीव्हीत चालू केल्यावर थेट सेटटॉप बॉक्सवर जायचं सेटिंग असतं ते करून द्या, एचडीएमआय-सीईसी नावाचं सेटिंग चालू करा, बॉक्सलाही ते असेल तर एकाच रिमोटने दोन्ही चालू-बंद होतील, आणि बाबांच्या हातात डिशचा आकड्यांचा रिमोटच राहू द्या.

यातलं काहीही अडलं तर हाक कुणाला मारणार? दादाला. तुम्ही पुण्यात आहात. टीव्ही बिघडला, नेट गेलं, आवाज येईना, सगळं त्यालाच बघायचंय, सर्व्हिस सेंटरला फोन त्यानेच करायचाय. शिवाय ज्या घरात तो रोज आई-बाबांचं करतो तिथे बहिणीने येऊन भिंतभर वस्तू लावून जाणं त्याला कसं वाटत असेल याचाही विचार करा, तो कंजूषपणा करतोय असं मला पत्रावरून तरी वाटत नाही. त्याला तो ४ आणि ८ चा हिशोब सांगा, सांगा की तुझं पण बरोबर होतं, आणि पुढचं त्याच्यावर सोपवा. बॉक्स, पॅक आणि वायरिंग त्याने करावं, टीव्ही आणि साउंडबार तुम्ही. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस दोघांच्याही आई-बाबांचा आहे.

टीव्ही शक्यतो कराडमध्येच, जिथून माणूस घरी येईल अशा दुकानातून घ्या. पुण्यातून नेऊ नका. आम्ही एकदा लांबून टेम्पोतून आणला, ड्रायव्हरने खोका आडवा टाकला, घरी उघडला तर कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर, आणि दुकानदार म्हणाला बाहेरून लागलेल्या माराला वॉरंटी नाही. पॅनल बदलायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. मोठा टीव्ही कायम उभाच न्यायचा, आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ काढायचा, हे दोन्ही तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुने भाव धरून बसू नका. ४०-४५ हजारांच्या आसपास नावाजलेल्या कंपनीचा बऱ्यापैकी ५५ इंची येतो, म्हणजे तुमच्या ८० हजारांत साउंडबार, बॉक्स, भिंतीचं काम, वाढीव वॉरंटी सगळं बसून कानाच्या तपासणीला पण उरतात. माझा कौल ५५ ला आहे, एचडी झालं तर. ६५ वर तुमचं मन फारच बसलं असेल तर नियमात तो बसतो, पण बातम्यांच्या साध्या चॅनलवर त्याचे हाल होतील. मोठ्या पडद्याच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे, खालची पट्टी आणि स्कोअर बाबांना चष्मा न शोधता वाचता येईल.

भिंतीचं मात्र बघा. जुन्या घरात माती-चुन्याचा गिलावा असेल तर स्क्रू धरत नाही, आधी गवंड्याला दाखवा. स्टँडवर ठेवायचा विचार असेल तर ५५ इंचीचे पाय बरेचदा दोन टोकांना असतात, त्यांच्यात तीन-सव्वातीन फुटांचं अंतर, जुन्या शोकेसवर एक पाय हवेत राहतो. पडदा साधारण १२२ बाय ६९ सेंटिमीटरचा, तेवढी वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या, बाबांना बसल्या जागेवरून मान वर करावी लागते का बघा. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत हवा. लोक देवाच्या फोटोएवढ्या उंचीवर टीव्ही लावतात आणि मग मान दुखते म्हणतात. वळवाच्या दिवसात कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची वायरही काढायची हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, वीज त्या वायरीतूनही येते, नुसतं स्विच बंद करून भागत नाही.

आणि आई. तुमच्या पत्रात आईसाठी एकच ओळ आहे, ती काहीच बोलत नाही. ती कुठे बसून टीव्ही बघते ते तुम्ही लिहिलं नाहीत, बाबांचा दिवाण किती फुटांवर ते मात्र लिहिलंत. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटावर बसून, मांडीत मेथीची जुडी घेऊन, एक डोळा गॅसवर ठेवून मालिका बघते, म्हणजे बरोब्बर त्या ४५ अंशाच्या कोपऱ्यातून, जिथून व्हीए पॅनल फिका पडतो. तिला फोनवर विचारू नका, ती म्हणेल मला काय, कुठूनही दिसतं. एक दिवस संध्याकाळी सात वाजता घरी जाऊन तिच्या शेजारी तिथेच बसा, आणि टेप लावाल तेव्हा उंबऱ्यापासूनचं अंतर पण मोजा.